वयात येणाऱ्या मुलीला 'मी जाड दिसते' वाटायला लागलं तर काय करायचं

माझी भाची नववीत आहे, कोथरूडला राहते. दिवाळीत चकलीला हात लावेना, विचारलं तर म्हणे मावशी फोटोत माझे दंड बघ ना किती जाड दिसतात. तेव्हापासून जे जे केलं ते सांगते.

फोन हिसकावू नका. आम्ही आधी तेच केलं, तर ती मैत्रिणीच्या फोनवर बघायला लागली आणि आम्हाला काही सांगायचीच बंद झाली. मग मी शेजारी बसून तिच्यासोबत रील्स बघायला लागले, प्रत्येक रीलनंतर एवढंच विचारायचं की हे बघून कसं वाटलं, आणि जे बघून वाईट वाटलं ते अनफॉलो नाहीतर 'नॉट इंटरेस्टेड'. डाएटचा एक रील शेवटपर्यंत बघितला की मागून तसलेच येत राहतात हे तिचं तिलाच दिसलं. आणि हेही सांगा की २०२१ मध्ये फेसबुकचा आतला रिसर्च बाहेर आला होता, त्यात शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या टीनएज मुलींपैकी ३२ टक्के म्हणाल्या होत्या की इन्स्टामुळे अजून वाईट वाटतं. माझी भाची हे ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली म्हणजे मी एकटी नाहीये.

सेल्फीचा प्रयोग नक्की करा. चेहऱ्याजवळ फोन धरून एक फोटो, दुसरा कुणालातरी पाच फुटांवरून काढायला लावा. कॅमेरा फूटभर अंतरावर असला की नाक साधारण ३० टक्के रुंद दिसतं, आणि पोरी त्या नाकावरून रडतात हो!

आता खरं अवघड काम, घरातली तोंडं. 'काळवंडलीस गं', 'जरा कमी खा, उद्या लग्नाचं बघायचंय', हे लग्नकार्यात येताजाता बोललं जातं. फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून फेअर काढलं पण आपल्या बोलण्यातून गोरी काही जात नाही. आजीला बाजूला घेऊन नीट सांगा, चारचौघांत नको. ताई स्वतःच रोज आरशासमोर 'मी किती सुटलेय' म्हणायची, पोरगी ते ऐकतच मोठी झाली, तर आधी ते थांबवलं. गाडीवर स्कार्फ बांधायला सांगताना पण धुळीसाठी बांध म्हणा, काळी पडशील म्हणून नको.

पाळी येण्याच्या आसपास वजन वाढतं, कंबर मांड्या भरतात, ही वाढ आहे, हे आधीच सांगून ठेवा. सिंहगडला न्या, पण वजन कमी होईल असं म्हणून नाही.

जेवण टाळतेय, जेवल्याजेवल्या बाथरूममध्ये जाऊन उलटी काढतेय, पाळी थांबली, चक्कर येते, असं काही दिसलं तर घरी समजावत बसू नका, डॉक्टरकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलतात.

आणि कपडे. एका दुकानात एम बसतो तर शेजारच्यात एक्सएल लागतो, एफसी रोडवर ट्रायल रूममधून ती रडवेली होऊन बाहेर आली होती. आता जीन्स घरी आणली की पहिलं काम, साईझचं लेबल कात्रीने कापून टाकायचं. ते ती स्वतःच कापते.