खुब्याभोवतीचे स्नायू दुखत असल्यास घरच्या घरी मालिश कशी करावी

कंबर दुखते असे सांगणाऱ्या पुष्कळ जणांचे दुखणे प्रत्यक्षात कमरेच्या खाली, खुब्याभोवतीच्या स्नायूंमध्ये असते. तासन्‌तास खुर्चीत बसणे, मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून गाडी चालवणे किंवा मूल सतत एकाच कडेवर घेणे अशा सवयींमुळे हे स्नायू आखडतात. मालिशने त्यांना आराम पडतो. मात्र जागा चुकली तर दुखणे वाढू शकते, म्हणून तेलाची बाटली हातात घेण्याआधी थोडी तपासणी करावी.

उभे राहून दुखणारी जागा एका बोटाने दाखवावी. बोट जांघेत गेले, तर दुखण्याचे मूळ बहुधा खुब्याच्या सांध्यात असते. तेथे मालिशचा फारसा उपयोग होत नाही; डॉक्टरांना दाखवावे, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांनी तर हे मुळीच लांबवू नये. बोट कुल्ल्याच्या मांसल भागावर टेकले, तर पुढील उपाय करून पाहावेत.

या भागात खोलवर पिरिफॉर्मिस नावाचा लहान स्नायू त्रिकास्थीपासून (पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडापासून) मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत आडवा जातो. बहुतेकांमध्ये पायात उतरणारी सायटिक नस त्याच्या अगदी खालून बाहेर पडते, त्यामुळे येथे जोर लावताना संयम हवा. प्रथम गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटे शेकावे. मग भिंतीकडे पाठ करून कुल्ला आणि भिंत यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरावा, गुडघे किंचित वाकवावेत आणि अंग सावकाश हलवत दुखरी गाठ शोधावी. ती सापडल्यावर तेथेच ३० सेकंद थांबून संथ श्वास घ्यावा. दाब सोसवेल इतकाच असावा; श्वास रोखून धरावा लागत असेल तर तो जास्त झाला असे समजावे. पायात मुंग्या आल्या किंवा विजेसारखी कळ गेली, तर चेंडू नसेवर आला असण्याची शक्यता असते; तो लगेच हलवावा. एका बाजूला पाच मिनिटे पुरेशी आहेत. जमिनीवर चेंडू ठेवून त्यावर बसण्याची घाई करू नये, कारण तसे केल्यास शरीराचा बराचसा भार एका बिंदूवर येतो.

घरातील कोणी मालिश करून देणार असेल, तर कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. मालिश करणाऱ्याने कोमट तिळाचे तेल लावून, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने, त्रिकास्थीपासून बाहेरच्या दिशेने सावकाश दाब द्यावा. कोपर खुपसून जोर लावण्याची पद्धत मला धोक्याची वाटते.

मालिशनंतर पाठीवर झोपून दुखऱ्या बाजूचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, खालची मांडी दोन्ही हातांनी छातीकडे ओढावी आणि ३० सेकंद धरावी. असे तीन वेळा करावे.

दुखणे खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर मात्र वरील ताण देऊ नये व त्या हाडावर चोळूही नये. तेथे बहुधा स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा दुखावलेला असतो, आणि दाबल्याने व ताणल्याने तो अधिक चिडतो. अशा वेळी पायावर पाय टाकून बसणे आणि एका पायावर भार देऊन उभे राहणे टाळावे, आणि झोपताना दुसऱ्या कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

दोन्ही प्रकारांत स्नायू बळकट होणे महत्त्वाचे आहे; नुसत्या मालिशने मिळालेला आराम सहसा फार टिकत नाही. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलण्याचा सेतुबंधासनासारखा व्यायाम १० वेळा करावा, थोडे थांबून तेवढाच पुन्हा करावा आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठून चार पावले चालावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असल्यास, हाडे ठिसूळ असल्यास किंवा गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल दाब देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, दुखण्यासोबत ताप असेल, किंवा जांघांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.