आरओटीसी स्कॉलरशिप मिळाली, मग कॉलेजची एड राहते का?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांसाठी लिहितेय, कारण मुलगी आर्मी आरओटीसीला (कॉलेज करता करता सैन्याचे अधिकारी तयार करणारा कार्यक्रम) अर्ज करत होती तेव्हा हे कोणी नीट सांगत नव्हतं. पुण्याहून आजी विचारायची, एनडीएच ना हे? तर नाही, इथे साधं कॉलेजच करायचं, सोबत आरओटीसीचे क्लास आणि पहाटेची पीटी, डिग्री झाली की कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. मूल सिटिझन हवं, ग्रीन कार्डवर स्कॉलरशिप नाही.

आता पैशाचं. स्कॉलरशिप आणि नीड-बेस्ड एड (घरची ऐपत बघून मिळणारी मदत) यांची बेरीज होत नाही. कॉलेज ती स्कॉलरशिप तुमच्या एडमध्येच धरतं आणि तेवढी नीड कमी झाली म्हणून स्वतःची ग्रँट कापतं. समजा वर्षाचा खर्च 80,000 डॉलर, त्यात ट्युशन 60,000, आणि एफएएफएसए (घरच्या उत्पन्नाचा सरकारी एड फॉर्म) वगैरे बघून कॉलेज 60,000 ची ग्रँट देतंय, म्हणजे तुम्ही भरणार 20,000. आरओटीसीने ट्युशन भरली की ती ग्रँट गेली आणि तुमचे 20,000 जिथल्या तिथे! फायदा झाला कॉलेजचा, आणि सैन्याला बांधलं गेलं तुमचं लेकरू. पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना सरकारकडून मिळणारी) मात्र यामुळे कापली जात नाही. आयटीवाल्या दोन पगारांच्या घरात नीड एड तशीही फारशी बसत नाही, त्यांची ट्युशन ही स्कॉलरशिप खरंच पूर्ण वाचवते.

कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप (गुणांवर मिळणारी) असेल तर वेगळा हिशोब. आर्मीत ट्युशनऐवजी राहण्या-जेवणाचे पैसे घेता येतात, कॉलेजच्या मेरिटने ट्युशन भागत असेल तर हाच पर्याय बघा. शिवाय पुस्तकांचे वर्षाला 1,200 आणि कॉलेज चालू असताना महिन्याला 420 डॉलर हातात येतात. नेव्हीची स्कॉलरशिप राहणं-जेवण देत नाही, पण काही कॉलेजं आरओटीसीच्या मुलांना ते स्वतःहून देतात, ही यादी शोधून काढाच, लाखभर डॉलरच्या आसपासचा फरक पडू शकतो चार वर्षांत.

फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून दोन अवॉर्ड लेटर (किती एड देणार त्याची पत्रं) मागा, एक आरओटीसी धरून, एक न धरता, आणि ग्रँटची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा. फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. हेही विचारा की सैन्याच्या मेडिकल तपासणीत अडकलं किंवा मुलाने मध्येच सोडलं तर कापलेली ग्रँट परत देणार का. चार वर्षांची स्कॉलरशिप असेल तर पहिल्या वर्षात सोडता येतं, दुसरं वर्ष सुरू झालं की बंधन लागतं.