फ्लॉपीला फॉरमॅट मारण्याआधी भोक बघा

डिझाइन फ्लॉपीवरून वाचणाऱ्या एम्ब्रॉयडरीच्या जुन्या मशीनवर नवी आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, फॉरमॅट मारला तरी मशीन फ्लॉपी घेत नाही, काय करू?" 2006 साली भिवंडीतल्या एका कारखान्यात मी पंचिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर टाक्यांची डिझाइनं बनवायला लागलो, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, त्यामुळे फॉरमॅट म्हणजे राइट क्लिक एवढं ज्ञान पक्कं होतं. मशीनवरच्या चाचांनी मान वर न करता उत्तर दिलं, "पहले छेद देख."

साडेतीन इंची फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात सरकत्या कळीचं भोक असतं, ते राइट-प्रोटेक्टचं. दुसऱ्या कोपऱ्यातही भोक असेल तर ती एचडी (हाय डेन्सिटी), 1.44 एमबीची. नसेल तर डीडी (डबल डेन्सिटी), 720 केबीची. आमच्या बारा हेडच्या (एकाच वेळी बारा जागी शिवणाऱ्या) जपानी मशीनना डीडीच लागायची. मी डीडी घालून नुसतं 'फॉरमॅट ए:' मारायचो. विंडोज एक्सपी ती 1.44 समजून आखायला घ्यायचं आणि 'ट्रॅक 0 बॅड, डिस्क अनयुजेबल' असं सांगून मोकळं व्हायचं. अशा सात-आठ चांगल्या फ्लॉप्या मी कचऱ्यात टाकल्या. चाचांनी त्या निमूटपणे उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या.

कमांड हवी होती ती अशी: फॉरमॅट ए: /टी:80 /एन:9. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.) टी म्हणजे ट्रॅक, चकतीवरच्या गोल वाटा; एन म्हणजे दर ट्रॅकला सेक्टर, त्या वाटेचे तुकडे. 80 ट्रॅक, दोन बाजू, 9 सेक्टर आणि सेक्टरला 512 बाइट. गुणाकार 7,37,280 येतो, 1024 ने भागलं की बरोब्बर 720. एचडीत 9 च्या जागी 18, बाकी सगळं तेच. डॉसमध्ये /एफ:720 एवढ्यावर भागायचं, एक्सपीत ती सोय राहिली नाही.

आता नवख्यांना कुणी सांगत नाही ती गोष्ट. फॉरमॅट हा शब्द एक असला तरी कामं दोन आहेत. आधी कोऱ्या चकतीवर ट्रॅक आणि सेक्टर आखायचे, मग कुठली फाइल कुठे आहे याची वही, म्हणजे फॅट, मांडायची. /क्यू लावलंत तर फक्त वही कोरी होते, आखणी जुनीच राहते. दुसऱ्या ड्राइव्हवर आखलेली, कुठे कुठे उडालेली फ्लॉपी क्विक फॉरमॅटने सुधारत नाही, फक्त सुधारल्यासारखी दिसते. म्हणून आमच्याकडे /क्यू बंद. कानाने ओळखता येतं: पूर्ण फॉरमॅटला ड्राइव्हचं वाचायचं-लिहायचं हेड ट्रॅकमागून ट्रॅक टक् टक् करत पुढे सरकतं आणि दीड-दोन मिनिटं लागतात. चकती मिनिटाला 300 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 0.2 सेकंद. 160 फेरे आखायला आणि तेवढेच तपासायला, म्हणजे 64 सेकंदांच्या खाली वेळ जाणारच नाही. मधेच घर्र करून हेड पुन्हा पुन्हा त्याच जागी अडलं की ती फ्लॉपी बाजूला काढा. मशीनच्या मेनूतच फॉरमॅट असेल तर तोच मारा. दोन ड्राइव्हची हेडं केसभर इकडेतिकडे असतात, आणि शेवटी वाचायचंय ते मशीनला.

किती डिझाइनं बसतील, हा शेठचा ठरलेला प्रश्न. डीएसटी या डिझाइनच्या फाइलला दर टाक्याला 3 बाइट, वर 512 बाइटचं हेडर. 20,000 टाक्यांचं डिझाइन 60,512 बाइटचं. 720 मधून फॅट वगैरेचे 14 सेक्टर वजा केले की 7,30,112 उरतात, म्हणून मी छातीठोकपणे बारा सांगितले. बसले अकराच. जागा 1024 बाइटच्या ठोकळ्यांनी मिळते, एका डिझाइनला 60 ठोकळे आणि फ्लॉपीत ठोकळे 713. बारावं सात ठोकळ्यांनी हुकलं.

पुढे बाजारात डीडी मिळेनाशा झाल्या. मी शक्कल लढवली: एचडीच्या भोकावर चिकटपट्टी लावली, ड्राइव्हला ती डीडी वाटली, 720 फॉरमॅट झाला. शनिवारी मशीनने छान वाचली. सोमवारी रात्री शाळेच्या बॅजची ऑर्डर लावायला घेतली तर एरर. एचडीच्या लेपाला लिहिताना जास्त जोर लागतो, आणि डीडी समजून ड्राइव्ह कमी जोराने लिहितो. असं लिहिलेलं कच्चं असतं. बाराही हेड सकाळपर्यंत उभी. शेठनी त्या पाळीचे पैसे माझ्या पगारातून कापले. त्यात माझं म्हणणं असं की डीडी आणून देणं माझं काम नव्हतं, असो.

पावसाळ्यात फॉरमॅटआधी पत्र्याचं झाकण सरकवून चकती उजेडात तिरकी धरा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी घालूच नका, हेड घाण होतं आणि मागून येणाऱ्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात.

आता माझ्याकडे लिनक्स आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आहे. तिथे ती दोन कामं सरळ दोन कमांडमध्ये दिसतात. आखायला यूएफआयफॉरमॅट (एफडीफॉरमॅट यूएसबी ड्राइव्हवर चालत नाही), वही मांडायला एमकेएफएस डॉट एमएसडॉस. काही यूएसबी ड्राइव्ह 720 घेतच नाहीत, विकत घेण्याआधी खात्री करा. वही मांडायची कमांड जुन्या आवृत्तीत अख्ख्या डिस्कवर चालायला नकार द्यायची आणि 'तरीही कर' सांगणारा आय हा स्विच मागायची. फ्लॉपीला तो दरवेळी द्यावाच लागे, त्यामुळे बोटांना सवय लागली. कमांडआधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारून डिस्कचा आकार बघायचा असतो. एकदा मी बघितला नाही, आणि एसडीबी या, एरवी फ्लॉपीच्या, नावावर त्या दिवशी डिझाइनांचा पेन ड्राइव्ह बसला होता. तो कोरा झाला.

त्यातली बरीच डिझाइनं परत मिळाली, ती चाचांच्या बिस्किटाच्या डब्यातून. मी फेकलेल्या फ्लॉप्यांवर त्यांनी प्रत्येक डिझाइनाची एकेक प्रत काढून ठेवली होती.