डेलामोटचे क्रिस्टल पॅलेसचे फोटो नीट कसे बघायचे

फिलिप हेन्री डेलामोटचे फोटो लोक एखादा बघतात, 'वा, जुना फोटो' म्हणतात आणि पुढे जातात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे फोटो एकेकटे बघायचे नाहीतच, ते क्रमाने बघायचेत. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये बांधलेला क्रिस्टल पॅलेस, म्हणजे लोखंड आणि काचेची प्रचंड इमारत, प्रदर्शनानंतर उतरवला आणि दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमला आणखी मोठा करून परत उभा केला, ते काम १८५२ ते १८५४ चाललं आणि ते करणाऱ्या क्रिस्टल पॅलेस कंपनीने ते टिपायला डेलामोटला नेमलं. इमारत बांधली जात असताना तिची इतकी सलग नोंद तोवर क्वचितच कुणी केली होती.

तर आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साइटवर त्याचं नाव टाकून शोधा, मिळतील ते फोटो डाउनलोड करा आणि बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे लावा, म्हणजे आधी नुसते लोखंडी खांब, मग कमानी, मग काच, मग आतले पुतळे.

आता एकेक फोटो झूम करा. आकाश कोरं पांढरं दिसेल, ते धुकं नाही, फोटो खराबही झालेला नाही. तेव्हाच्या कोलोडियन काचेवर (फिल्मऐवजी वापरायची ती, कोलोडियन या रसायनाचा थर दिलेली काच) निळा रंग फार पटकन उमटायचा म्हणून आकाश जळून जायचं. शिवाय ती काच ओली असेपर्यंतच फोटो काढून डेव्हलप करावा लागायचा, म्हणजे अंधाराची सोय त्या धुळीत, ठोकाठोकीत, कॅमेऱ्याजवळच कुठेतरी हवी, हे डोक्यात ठेवूनच प्रत्येक फोटो बघा.

मग माणसं शोधा, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. एक्स्पोजर लांब असल्यामुळे हललेला माणूस भुतासारखा पुसट येतो. जो स्पष्ट दिसतोय तो स्थिर उभा होता, बहुतेक उभं राहायला सांगितलं म्हणूनच. इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या पुतळ्यांच्या आत उभारलेल्या प्रतिकृतींचा फोटो मिळाला तर पायाशी असलेल्या माणसाची उंची धरून पुतळा मोजा, तेव्हा कुठे त्या हॉलचा आकार कळतो. आणि मधल्या ट्रान्सेप्टची (इमारतीच्या लांबीला आडव्या छेदणाऱ्या उंच भागाची) परांची दिसली की जरा थांबा, ऑगस्ट १८५३ मध्ये तिथली परांची कोसळून १२ कामगार गेले. हे माहीत असलं की वर चढलेल्या त्या बारीक आकृत्यांकडे नुसतं नक्षी म्हणून बघवत नाही.

खांबांच्या रेषाही तपासा. कॅमेरा वर तिरपा केला की खांब आत झुकल्यासारखे दिसतात, त्यामुळे जिथे ते सरळ आहेत तिथे कॅमेरा कुठे आणि किती उंचावर ठेवला असेल याचा अंदाज लावून बघा, मजा येते!

इमारत १९३६ च्या आगीत गेली पण बागेतल्या पायऱ्या आणि स्फिंक्स अजून आहेत, त्यामुळे लंडनला कुणी असाल तर बागेच्या बाजूचा फोटो मोबाइलवर घेऊन तिथे जा आणि कॅमेरा कुठे लावला असेल ती जागा शोधा.