अपिलांच्या विलंबाची तपासणी करताना या चुका टाळा

शिक्षेच्या आदेशाविरुद्ध कर्मचाऱ्यांनी केलेली अपिले किती वेळात निकाली निघतात, याची तपासणी करणाऱ्या पथकापुढे कार्यालय बहुधा ‘सरासरी अमुक दिवस’ असा एकच आकडा ठेवते. तो खोटा असतोच असे नाही. मात्र दिवस कोठून कोठपर्यंत मोजले आणि कोणती प्रकरणे मोजलीच नाहीत, हे विचारल्याशिवाय तो अहवालात उतरवून घेऊ नये.

पहिली चूक आरंभाच्या तारखेची. सुरगाणा किंवा पेठ येथील जिल्हा परिषदेच्या एखाद्या कर्मचाऱ्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील केले, तर ते नाशिकरोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडे जाते. पण कर्मचारी ते अनेकदा ‘योग्य मार्गाने’ म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत पाठवतो. अशा एकाच अर्जावर पंचायत समितीचा, जिल्हा परिषदेचा आणि आयुक्त कार्यालयाचा असे तीन आवक शिक्के दिसतात. शेवटचा शिक्का धरून दिवस मोजले की आधीच्या दोन टेबलांवर गेलेला काळ हिशेबातून अलगद नाहीसा होतो. म्हणून तिन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. त्यासाठी संगणकातून काढलेल्या यादीवर विसंबू नये, मूळ अर्ज उलटून पाहावा, कारण शिक्का पुष्कळदा पाठीमागे मारलेला असतो.

खरा विलंब बहुतेक वेळा अपील प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे अपिलावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर होत नाही. तो परिच्छेदनिहाय अभिप्राय, म्हणजे अपिलातील प्रत्येक मुद्द्यावर शिक्षा करणाऱ्या कार्यालयाचे म्हणणे, येण्यात होतो. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांमध्ये अपेक्षा अशी आहे की, ज्या प्राधिकाऱ्याने शिक्षा केली त्याने अपिलाची प्रत मिळताच, निर्देशाची वाट न पाहता, आपले अभिप्राय व संबंधित कागदपत्रे अपील प्राधिकाऱ्याकडे पाठवावीत. व्यवहारात स्मरणपत्रे जात राहतात, नस्ती (फाइल) प्रतीक्षाधीन, म्हणजे उत्तराची वाट पाहत असलेल्या, प्रकरणांच्या गठ्ठ्यात बांधली जाते आणि मासिक गोषवाऱ्यात ती ‘प्रलंबित’ या रकान्यात येतही नाही. तपासणी पथकाने हा गठ्ठा स्वतः सोडून पाहावा आणि प्रत्येक नस्तीत पहिले पत्र व पहिले स्मरणपत्र यांच्यात किती अंतर पडले, ते टिपून घ्यावे. सिंहस्थाच्या कामाला माणसे लावल्याचे कारण येत्या काळात नाशिकमध्ये वारंवार ऐकू येईल. ते शेऱ्यात जरूर नोंदवावे, परंतु त्यापायी दिवस वजा करू नयेत.

सरासरीचा घोटाळा याहून मोठा आहे. समजा दहा अपिलांपैकी आठ साठ दिवसांत निकाली निघाली आणि दोन सातशे दिवस पडून आहेत. केवळ निकाली प्रकरणे धरली तर सरासरी साठ दिवसच येते आणि ज्या दोघांसाठी ही तपासणी करायची, तेच तिच्याबाहेर राहतात. प्रलंबित प्रकरणांची, ती किती दिवस पडून आहेत त्यानुसार, वेगळी यादी केल्याखेरीज अहवाल पूर्ण समजू नये. माहिती अधिकारातील प्रथम अपिलांचीही सरमिसळ होते. त्यांच्या निर्णयाला 30 दिवसांची व कारणे नोंदवून 45 दिवसांपर्यंतची मुदत असते. त्यामुळे ती सेवाविषयक अपिलांच्या यादीत आली की सरासरी आपोआप सुधारते.

कोणत्या मुदतीशी तुलना करायची, यातही गफलत होते. 1979च्या नियमांतील 45 दिवस हे कर्मचाऱ्याने अपील दाखल करण्यासाठी आहेत, निर्णय देण्यासाठी नाहीत. दफ्तर दिरंगाई प्रतिबंधाच्या 2005च्या अधिनियमातील सात कामकाजाचे दिवस व 45 दिवस या मुदतीही सरसकट लावता येत नाहीत, कारण अर्धन्यायिक बाबी, म्हणजे अधिकाऱ्याने न्यायाधीशाप्रमाणे निर्णय द्यायची प्रकरणे, त्यातून वगळलेल्या आहेत. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी अधिक उपयोगी सीमा प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 मध्ये मिळते: अपिलावर सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही तर कर्मचाऱ्याला न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि त्यापुढे दाद मागण्याची एक वर्षाची मुदत सुरू होते. त्यामुळे सहा महिने ओलांडलेली प्रकरणे निराळी काढावीत. तेथे कार्यालयाच्या दिरंगाईबरोबर कर्मचाऱ्याची मुदतही सरत असते.

समाप्तीची तारीख म्हणून टिपणीवरील स्वाक्षरी धरू नये. आदेश कर्मचाऱ्याच्या हाती पडल्याची पोच धरावी. स्वाक्षरीनंतर टंकलेखन, जावक आणि पुन्हा तालुक्यापर्यंतचे टपाल असा प्रवास उरतोच. फेरनिर्णयासाठी परत पाठवलेले प्रकरण ‘निकाली’ धरणे तर सर्वांत सोयीची पळवाट आहे. असे प्रकरण नव्या क्रमांकाने परत आले तरी मूळ तारखेशीच जोडावे.

मार्चअखेर घाईघाईने निघालेले आदेश मात्र वाचूनच पाहावेत. चौकशीची कार्यपद्धती पाळली गेली का, निष्कर्षांना पुरावा आहे का आणि शिक्षा प्रमाणात आहे का, या तीन प्रश्नांचा विचार अपील प्राधिकाऱ्याने करायचा असतो. ‘अपिलात तथ्य नाही, सबब फेटाळण्यात येत आहे’ एवढ्या एका ओळीच्या आदेशाला वेळेत निकाली काढल्याचे गुण देऊ नयेत. त्याची नोंद वेगळ्या शेऱ्यासह करावी.