हजार-बाराशे रुपयांत रेषेवर चालणारा रोबो, मोटारवाल्याच्या पद्धतीनं

कराडजवळ माझं दुकान आहे. वीस वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरतोय. रोबोच्या नादाला लागलो तो पुतणीमुळे. तिच्या वाढदिवसाला साडेचार हजारांचा तयार संच आणला होता. तिसऱ्या दिवशी एका मोटारीच्या गिअरचे दात गेले. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, सुटा भाग मिळत नाही, नवा संच घ्या. पोरगी हिरमुसली. मी मोटार काढून हातात घेतली. पिवळ्या प्लास्टिकच्या डबीतली साधी गिअरची मोटार होती. बाजारात तिला बीओ मोटार म्हणतात आणि ती सुटी साठ रुपयांना मिळते!

तेव्हापासून रविवारी दुकानात आळीतली पोरं जमतात आणि आम्ही सुट्या सामानातून रोबो बनवतो. पहिला नेहमी रेषेवर चालणारा, म्हणजे पांढऱ्यावर लावलेली काळी पट्टी बघत आपला आपण जाणारा. घरातलं कुणीही बनवू शकेल अशा बेतानं सगळं सांगतो.

सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नगावर मिळतं, ऑनलाइनही मिळतं. गेल्या खेपेला मी दिलेले भाव असे: आर्डुइनो उनोच्या नमुन्याचा बोर्ड (रोबोचा मेंदू, यातच प्रोग्रॅम चढवायचा) 350, दोन बीओ मोटारी 120, दोन चाकं 60, एल298एन हा मोटार ड्रायव्हर 140, पट्टी ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर 80, नुसत्या खोचायच्या जंपर वायरी 50, 18650 मापाचे दोन लिथियम सेल 200, त्यांचं होल्डर 40, बटण 10. झाले 1050. सेलचा चार्जर 120 ला आला. भाव दुकानागणिक वरखाली होतात, पण अंदाज यायला एवढं पुरे. सोल्डरिंगची 25 वॅटची इस्त्री आणि मल्टिमीटर प्रत्येकानं घ्यायची गरज नाही, चार घरांत मिळून एक पुरतो.

बोर्ड इतका स्वस्त कसा, हे पोरं दर वेळी विचारतात. आर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून तयार झाला. करणाऱ्यांनी त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यामुळे तोच बोर्ड दुसऱ्या कुणी बनवून विकला तर ती चोरी ठरत नाही, फक्त नाव त्यांचं लावायचं नाही. स्वस्त बोर्डांवर बहुतेक सीएच340 ही चिप असते. कंप्युटरनं बोर्ड ओळखला नाही तर बोर्ड बिघडला असं समजू नका, कंप्युटरमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर (मोटारीचा नव्हे, चिप ओळखायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून बघा.

सांगाड्यावर एक रुपयाही घालू नका. प्लास्टिकच्या जुन्या डब्याचं झाकण, सनबोर्डचा तुकडा, काहीही चालतं. मागच्या बाजूला दोन मोटारी दुहेरी टेपनं चिकटवा आणि वरून केबल टायनं आवळा, कारण नुसती टेप उन्हाळ्यात सुटते. पुढचं तिसरं चाक म्हणून आम्ही संपलेल्या रोल-ऑनच्या बाटलीचं तोंड कापून गोळीसकट लावतो. गोळी सगळीकडे फिरते, कुठे अडत नाही.

आता मोटार. बोर्डाला हात लावायच्या आधी मोटारीला नुसते दोन पेन्सिल सेल जोडून फिरवा. मग वायरी उलटसुलट करा, मोटार उलटी फिरेल. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. थ्री-फेज पंपाच्या दोन फेजी अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते आणि पाणी चढत नाही, हे त्यानं पाहिलेलं असतं. एल298एन हेच काम करतो. आपण हातानं वायरी बदलतो, तो बोर्डाच्या इशाऱ्यावर आतल्या आत बदलतो. मोटार थेट बोर्डाच्या पिनला मात्र कधीही जोडू नका. पिनमधून 20 मिलिअँपिअरच्या आसपासच घ्यायचे असतात, आणि अडलेली मोटार त्याच्या कितीतरी पट मागते.

मोटारीच्या दोन टोकांवर 104 आकडा छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. रुपया-दोन रुपयांची वस्तू आहे. ब्रशच्या ठिणग्यांनी होणारा त्रास त्यानं बराच कमी होतो.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते बॅटरीशी. आमचा पहिला रोबो मी त्या चौकोनी 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवला होता, कारण व्हिडिओंमध्ये सगळे तीच लावतात. बटण दाबलं की चाकं अर्धा वेढा फिरायची आणि थांबायची. पुन्हा अर्धा वेढा, पुन्हा थांबायची. दोन संध्याकाळी आम्ही प्रोग्रॅम तपासत बसलो. तिसऱ्या संध्याकाळी पुतणी म्हणाली, “काका, चाक हललं की बोर्डाचा दिवा बारीक होतोय.” वाकून बघितलं, तर खरंच मोटार सुरू होताना बोर्डावरचा दिवा मंद होऊन विझत होता. गावात पंप सुरू झाला की घरातला बल्ब क्षणभर पिवळा पडतो ना, तसंच. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या चौकोनी बॅटरीत तेवढा दम नसतो. व्होल्टेज कोसळतं, बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आपण प्रोग्रॅमला दोष देत बसतो.

म्हणून दोन 18650 सेल सिरीजमध्ये लावा. मिळून 7.4 व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना 8.4. एल298एन स्वतःच दोनएक व्होल्ट खातो, उरलेले साडेपाच-सहा मोटारीला बरोबर बसतात. या सेलशी हयगय नको. नवेच घ्या. त्यांच्यावर थेट सोल्डरिंग करू नका, होल्डर वापरा. चाव्या-चिल्लर असलेल्या खिशात ठेवू नका. एक सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की तिथंच थांबा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल मी पोरांच्या हातात देत नाही. पोरं फारच लहान असतील तर चार्ज होणारे पेन्सिल सेल सहा लावा, 7.2 व्होल्ट होतात आणि जिवाला घोर नाही.

जोडणी अशी. सेलची प्लस वायर बटणातून ड्रायव्हरच्या 12 व्होल्ट लिहिलेल्या टर्मिनलला, आणि तिथूनच एक वायर बोर्डाच्या व्हीआयएन पिनला. सेलची मायनस, ड्रायव्हरची ग्राउंड आणि बोर्डाची ग्राउंड या तिन्ही एकत्र जोडल्याच पाहिजेत. रोबो वेड्यासारखा वागतो तेव्हा दहातले पाच वेळा ही ग्राउंडची वायरच सुटलेली सापडते. ड्रायव्हरच्या आयएन1 ते आयएन4 या पिना बोर्डाच्या 8, 9, 10, 11 ला. ईएनए आणि ईएनबीवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढून त्या पिना 5 आणि 6 ला जोडा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येतो. कंप्युटरची केबल लावताना बॅटरीचं बटण बंद ठेवा.

आयआर सेन्सर दोन. प्रत्येकाला दोन डोळे. एक डोळा न दिसणारा उजेड टाकतो, दुसरा परत आलेला उजेड पकडतो. पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळ्यात जिरतो. दोन्ही सेन्सर पुढच्या बाजूला, जमिनीपासून साधारण एक सेंटिमीटर वर, असे लावा की काळी पट्टी दोघांच्या मधून जाईल. त्यांचे आउट 2 आणि 3 नंबरच्या पिनला, पॉवर बोर्डाच्या 5 व्होल्टवरून. सेन्सरवरचा निळा स्क्रू हळूहळू फिरवा. पांढऱ्यावर दिवा पेटला आणि काळ्यावर विझला की थांबा.

रस्त्यासाठी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ वापरतो. आमच्याकडे त्यांना तोटा नाही. त्यावर वायरमनची काळी टेप लावायची. वळणं सुरुवातीला मोठी ठेवा. शहाबादी फरशीवर नको, तिच्या करड्या रंगानं सेन्सर गोंधळतो. आणि अंगणात उन्हात तर नकोच. आमचा रोबो दुकानात व्यवस्थित चालायचा आणि दारात नेला की भरकटायचा. उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो, तो सेन्सरला आंधळा करतो. सावलीत आणला की पुन्हा शहाण्यासारखा.

प्रोग्रॅमला लोक उगाच घाबरतात. त्यात चारच निर्णय आहेत. दोन्ही सेन्सरला पांढरं दिसलं तर दोन्ही मोटारी पुढे. डाव्याला काळं दिसलं तर डावी मोटार थांबवा, उजवी चालू ठेवा, म्हणजे रोबो डावीकडे वळून पट्टीवर येतो. उजव्याला काळं दिसलं तर उलट. दोघांनाही काळं दिसलं तर थांबा. नेहमीच्या आयआर सेन्सरचा आउट काळ्यावर ‘हाय’ (म्हणजे व्होल्टेज चालू) येतो, एवढं ध्यानात ठेवा. प्रोग्रॅममध्ये पूर्ण वेग म्हणजे 255, त्यातला 120 च्या आसपास ठेवून सुरू करा. फार कमी केला तर मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही.

टाइप करायचा कंटाळा असेल त्यांनी एमब्लॉक या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत ठोकळे जोडून हेच करावं. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पोरांच्या घरी कंप्युटर नाही. ती अँड्रॉइड फोनवर आर्डुइनोड्रॉइड हे ॲप घेतात, ओटीजी केबलनं (फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायची केबल) बोर्ड जोडतात आणि फोनवरूनच प्रोग्रॅम चढवतात. अजून सामानच घेतलं नसेल तर टिंकरकॅड या वेबसाइटवर फुकट सर्किट जोडून बघता येतं. तिथं काही जळत नाही, म्हणून मी नव्या पोराला आधी तिथंच बसवतो.

पहिल्यांदा चालू करताना रोबो डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. एखादं चाक उलटं फिरलं तर प्रोग्रॅमला हात लावू नका, ड्रायव्हरवर त्या मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल करा.

मोटारीची टोकं सोडून बाकी काहीही सोल्डर करू नका, सगळं जंपरवर ठेवा. महिनाभर रेषेवर चालवून कंटाळा आला की तोच बोर्ड, त्याच मोटारी घेऊन दुसरं यंत्र होतं. खर्च एकदाच पडतो, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा.

आमचं दुसरं यंत्र म्हणजे अडथळा दिसला की वळणारा रोबो. त्याला फक्त एचसी-एसआर04 हा 80 रुपयांचा अल्ट्रासोनिक सेन्सर जादा लागतो. वटवाघळासारखा आवाज सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. जाऊन येऊन दर सेंटिमीटरला 58 मायक्रोसेकंद लागतात, म्हणून आलेल्या वेळेला 58 नं भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. 20 च्या आत आलं की थांबा, थोडं मागे या, वळा. भिंत, पेटी, पत्रा त्याला नीट कळतो. पडदा आणि गादी कळत नाही, कारण कापडात आवाज मुरतो. पुतणीचा रोबो गोधडीत घुसून चाकं फिरवत राहिला होता तो त्यामुळेच.

खेळून झालं की सेल होल्डरमधून काढून ठेवा. बटण नुसतं बंद करून भागत नाही, पोरांच्या हातून ते चालू राहतं आणि सकाळी सेल मेलेले सापडतात.