मोठा जिताडा लागतो पण हातात येत नाही? या चुका टाळा

परवा परत मोबाईलवर एक फोटो आला. तीनतोंडी गळ, त्यातली दोन तोंडं दाभणासारखी सरळ झालेली, आणि खाली प्रश्न, "दादा, मोठ्या जिताड्यासाठी कुठली लूर घेऊ?" अरे बाबा, लूर (म्हणजे गळ लावलेला नकली मासा) बरोबरच होती की! मोठा मासा आला, त्याने ती तोंडात घेतली, अजून लूरने काय करायचं, मासा उचलून पिशवीत भरायचा का? तो गेला गळामुळे, आणि आता तू अजून दोन हजाराच्या लूर मागवणार आणि त्यांनाही तसलेच गळ असणार.

बारा-तेरा वर्षं खाडीवर गरवतोय, त्यातली पहिली तीन-चार वर्षं याच चुका करण्यात गेली, म्हणून थोडा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या रायगडात जिताडा, खाली तळकोकणात खजुरा, गोव्यात चोणक, बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी, मासा एकच. दोन किलोपर्यंतचा कसाही येतो, वाट्टेल त्या सामानावर येतो, आणि तिथेच माणूस फसतो. त्याला वाटतं आपलं सामान चांगलंय. मग एक दिवस आठ किलोचा लागतो.

चूक पहिली : पैसे लूरमध्ये, लोखंडात शून्य

माझा भाचा पुण्याला आयटीत आहे. दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला आला तो डबा घेऊनच. "मामा, एवढ्या पैशात बारा आल्यात!" बारा लूर, एकेक रंग असा की नवरात्रात नऊ दिवस पुरून तीन उरतील. मी एक उचलली, गळ अंगठ्याने दाबला तर तो चक्क वाकला. म्हटलं हे गळ बदल, माझ्या पेटीत जाड आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. तर म्हणे, आधी लागू तर दे.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, भरती दुपारी पाऊणच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळी अंधार पडता पडता ओहोटीचं शेवटचं पाणी. जिताड्यासाठी याच्याहून चांगली संध्याकाळ मागून मिळत नाही. कुंडलिकेच्या काठाला कांदळवनातून एक बारका ओहोळ खाडीला मिळतो, ओहोटीला त्यातून बोयटं (खाडीतले बारके मासे) आणि कोलंबी बाहेर पडते आणि जिताडा तोंडाशी टपून बसतो. साडेसहा वाजले असतील, भाच्याची सोनेरी लूर ओहोळाच्या तोंडावर पडली, त्याने दोनदा फिरवली, थांबला, आणि पाण्यात 'भॉक्' असा आवाज आला. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, तो आवाज एकदा ऐकला की माणूस कामातून जातो तो कायमचा.

मासा वर आला, अख्खा बाहेर, डोकं असं झाडलं की लूर त्याच्या गालावर खडखडली. दुसरी उडी. तिसऱ्या उडीला दोरी सैल पडली. लूर परत आली ती अशी : पुढचा गळ उघडलेला, आणि मागचा गळ नाहीच, कारण ज्या रिंगमध्ये तो अडकवलेला असतो ती रिंगच ताणून शेवयीसारखी झालेली. मासा आठ-नऊ किलोचा असेल. भाचा हल्ली पंधरा सांगतो. दोन-तीन रुपयाची रिंग हो! पोरगं रात्री मटणाला हात लावेना.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो, ही शास्त्रोक्त वगैरे नाही. नवीन लूर आली, स्वस्त असो की महाग, आधी तिचे गळ आणि रिंगा काढून टाकायच्या. पाकिटावर ४एक्स लिहिलेले जाड तारेचे गळ घ्यायचे, चांगल्या स्टेनलेस रिंगा घ्यायच्या, आणि रिंग प्लायर घ्या, नखाने रिंग उघडू नका, माझ्या अंगठ्याचं नख अजून वाकडं वाढतंय. प्रत्येक पाकिटातला एक गळ मी खिडकीच्या गजाला अडकवतो आणि बॅग मोजायच्या काट्याने सहा किलोपर्यंत ओढतो, डोळ्यावर चष्मा लावून. वाकला तर अख्खं पाकीट मांदेलीच्या गळांच्या डब्यात जातं, म्हणजे कचऱ्यात, कारण मांदेली कोण गळाला धरतं.

फक्त एक भानगड आहे. जाड गळ म्हणजे वजन, आणि तरंगणारी लूर बुडायला लागते. त्यामुळे गळ बदलले की बालदीत मूठभर मीठ टाकून लूर सोडून बघायची. बायको विचारते हे काय, पण आता तीही सवयीची झाली.

चूक दुसरी : बारीक लीडर

ही माझी स्वतःची, म्हणून लाज वाटते. कुणीतरी सांगितलं, पाणी साफ आहे, जाड लीडर (दोरी आणि लूरच्या मधला तुकडा) माशाला दिसतो, २० पौंडी (तेवढा ताण सोसणारा) लाव. मी लावला. एप्रिल महिना, सकाळची वेळ, उघाडीच्या खाली (खारभूमीच्या बांधाला पाण्याचं दार असतं ते) मासा लागला, व्यवस्थित खेळवला, दहा हातांवर आणला, पांढरं पोट दिसलं, मित्र जाळी घेऊन गुडघाभर चिखलात उतरला. मासा नुसता वळला. झटका नाही, आवाज नाही, दोरी हलकी. टोक बघितलं तर ब्लेडने कापल्यासारखं स्वच्छ.

घरी येऊन बाजारातल्या मावशींना सांगितलं तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "आमी त्याला गालाला धरताव का कदी?" जिताड्याला सुरमईसारखे दात नसतात, तोंड आतून कानसेसारखं खरखरीत असतं, आणि खरं हत्यार म्हणजे कल्ल्यावरचं झाकण. त्याची कड पात्यासारखी असते. मासा वळला की लीडर त्या कडेवरून जातो. बारीक असेल तर खेळ खल्लास, आणि मासा जितका मोठा तितका वेळ जास्त लागतो, म्हणजे घासणंही जास्त.

आता माझं सामान असं असतं : सात फुटी रॉड, ४००० चा रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), आणि पुढे एक वाव ५० पौंडी लीडर. कांदळाच्या मुळांत टाकायचं असेल तर ६०. मासा बघतो का? गढूळ खाडीत, संधिप्रकाशात, समोरून बोयटं पळतंय, तो तुमचा लीडर मोजत बसत नाही. तारेचा लीडर मात्र लावू नका, लूरची चाल मरते आणि त्याची गरजच नाही. आणि प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर लीडर दोन नखांत धरून ओढायचा, खरखर लागली की कापून नवीन गाठ. "नंतर बांधतो" म्हणणारे लोक मला माहितीयेत, त्यांच्याकडे गोष्टी भरपूर असतात, मासे नसतात.

ब्रेड आणि लीडरला मी एफजी गाठ मारतो, ती शिकायला मला दोन आठवडे लागले, रात्री टीव्हीसमोर बसून. जमत नसेल तर डबल युनी मारा, पण गाठ थुंकीने ओली करून आवळा आणि हाताला रुमाल गुंडाळून जोरात ओढून बघा. सुटायची असेल तर घरी सुटू दे.

ड्रॅग हाताने बघणं

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, ठरावीक ताण आला की दोरी सोडणारा. दोन बोटांनी दोरी ओढून "बराबर आहे" म्हणणारे सगळे खोटं बोलतात, मीही बोलायचो. ३० पौंडी म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्या पाव भागाला ड्रॅग सुटला पाहिजे, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. तोच बॅगेचा काटा दोरीला लावा आणि एकदा ओढून बघा, आपण किती ढिला किंवा किती आवळून ठेवतो ते कळून घाम फुटेल. मुळांच्या जवळ मी चारपर्यंत नेतो. मासा लागल्यावर घाबरून नॉब फिरवणं बंद करा, घरी लावला तेवढा असू दे.

लूरची पट्टी न बघता रंग बघणं

दुकानात जाऊन लोक रंगावर अर्धा तास घालवतात आणि लूरच्या तोंडाला असलेल्या प्लास्टिकच्या पट्टीकडे कुणी बघत नाही. पट्टी लांब आणि आडवी असेल तर लूर खोल जाते, आखूड आणि खाली वळलेली असेल तर वरच्या वर पोहते. आपल्या खाडीच्या कडेला ओहोटीत पाणी किती, चार-पाच फूट. त्यात दहा फूट खाली जाणारी लूर टाकली की ती पहिल्याच फेकीत कालवांना किंवा मुळाला नमस्कार करते, मग हिसके, मग तुटणं, मग "इथे मासाच नाही". उथळ चालणारी आणि तरंगणारी घ्या, चार ते पाच इंची. मुळाला टेकल्यासारखी वाटली की फिरवणं थांबवायचं, ती आपोआप वर सुटते. आणि बरेचदा मासा त्या थांबण्यातच घेतो.

रंगाचं माझं गणित दोन ओळींचं आहे. पाणी गढूळ किंवा अंधार, तर काळी किंवा सोनेरी. पाणी साफ, तर बोयटासारखी चंदेरी. बाकीचे रंग माणसांना पकडायला असतात.

रबरी मासा, म्हणजे पॅडलटेल, चार इंची, १० ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (डोक्याला वजन असलेल्या गळावर). मला विचाराल तर सुरुवातीला फक्त हाच घ्या. कांदळात टाकायचा असेल तर गळाचं टोक रबरात लपवून. मोठा मासा हवा म्हणून आठ इंची लूर टाकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कोलंबी सुटलेली असताना दहा किलोचा जिताडासुद्धा बोटाएवढी चिंगळं खातो.

बारीकसारीक पण रोजच्या

लूर अडकवायला स्वस्त स्नॅप (क्लिप) लावता? त्यापेक्षा लूप गाठ मारा.

स्पूलवर ब्रेड अर्धीच भरली तर लूर लांब जात नाही, काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून भरा.

घरी आल्यावर सामान गोड्या पाण्याने धुवा, आधी सामान मग स्वतः. रीलवर जोरात नळ सोडू नका, मीठ आत जातं.

चपला घालून कालवांवर चालू नका. टाके पडतात, मला सात पडले.

घाई

ही चूक सामानाची नाही पण सगळं सामान तीच खरेदी करायला लावते. माणूस दुपारी बारा वाजता, जोडून सुट्टी आहे म्हणून येतो, अर्ध्या तासात सहा लूर बदलतो आणि सातवी मागवतो. अरे, कॅलेंडर बघ आधी! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आपल्या आजोबांना हे तोंडपाठ होतं. तिथून साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं सगळं थोडं उशिरा. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा) पाणी हलतच नाही फारसं, तेव्हा सोन्याची लूर टाकलीत तरी उपयोग नाही. पाणी ओढीला लागलंय, उजेड कमी होतोय, अशा वेळेला एकच लूर तासभर टाका. हळू. त्याहून हळू.

आणि मोठा आलाच तर एक विनंती, ऐकायची तर ऐका. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, तीन फुटी जिताडा म्हणजे जवळजवळ नक्की अंड्यांवर येणारी मादी. मी खायला दोन-तीन किलोचा ठेवतो, चवीलाही तोच बरा. मोठी सोडायची असेल तर जबड्याला लटकवून फोटो काढू नका, पोटाखाली दुसरा हात द्या, हात ओले करून, आणि पाण्यात धरून ठेवा जोवर ती स्वतः शेपटी मारत नाही.

भाच्याकडे आता चारच लूर आहेत. गेल्या मे महिन्यात त्याने साडेसहा किलोचा काढला, काळ्या लूरवर, माझ्या पेटीतल्या गळावर. माझा रिंग प्लायर त्या दिवसापासून त्याच्याकडेच आहे, दोनदा मागून झाला.